रिप्रॉड्युसिबिलिटीला मराठीत काय म्हणायचं?

सायली: संशोधनाचे निकाल पुन्हा तसेच मिळतात का, यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात रिप्रॉड्युसिबिलिटी आणि रेप्लिकेबिलिटी एकाच वाक्यात आलेत. पुनरुत्पादन लिहिलं तर संपादक म्हणाले जीवशास्त्राचा धडा वाटतो, दोन्हीला पुनरावृत्ती लिहिलं तर वाक्याला अर्थच उरत नाही.

रानवारा: पडताळा! तयार शब्द असताना नवे कशाला पाडायचे. पडसाद, पडछाया यात पड म्हणजे प्रति, तसाच हा प्रति-ताळा असणार असं माझं मत.

सायली: पण दोन शब्द हवेत हो. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीज या विज्ञानसंस्थेच्या २०१९ च्या अहवालात पहिल्याचा अर्थ तोच डेटा, तोच कोड घेऊन तेच आकडे येणं, आणि दुसऱ्याचा नवा डेटा गोळा करून निष्कर्ष जुळणं.

गणिती: मग पहिला ताळा, दुसरा पडताळा. शाळेतला नवाचा ताळा आठवा, २३ गुणिले १४ बरोबर ३२२, पण घाईत २३२ लिहिलं तरी ताळा जुळतो कारण अंकांची बेरीज ७ च. तसंच डेटाच चुकीचा गोळा केला असेल तर कोड कितीदा चालवा, आकडे तेच येणार.

प्राजक्त: ताळा हिशेबाच्या वहीत ठीक आहे, शास्त्रीय लेखनात पुनःप्रत्यय हवा.

रानवारा: पुनःप्रत्यय कवितेचा. तो ज्याचा त्याला येतो, इथे तर तिसऱ्याच लॅबमधल्या अनोळखी माणसाला यायला हवा, सगळी मेख तिथेच आहे.

मेघना: आमच्या लॅबमध्ये सरळ "रिपीट होत नाही" म्हणतात. एमएस्सीला एका छापील पेपरातला प्रयोग काही केल्या जमेना, कारण द्रावण किती वेळ ढवळायचं हेच त्यात लिहिलेलं नव्हतं. शब्द कुठलाही घ्या पण कृती, डेटा, कोड उघडा ठेवा आणि पूर्वनोंदणी करा. अमेरिकेत सरकारी पैशांवर झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्या बघा, २००० आधीच्या ३० पैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता, नंतरच्या, म्हणजे पूर्वनोंदणी लागू झाल्यावरच्या, २५ पैकी फक्त २ मध्ये. काय मोजणार ते आधीच नोंदवून ठेवलं की मागाहून सोयीचा आकडा निवडता येत नाही.

प्राजक्त: पूर्वनोंदणी म्हटलं की लोकांना तिकिटं आठवतात. पूर्वघोषणा म्हणा.

गणिती: घोषणा कुणीही करतो आणि विसरतो. तारखेसकट नोंद राहते, ती बदलली तर दिसते, म्हणून नोंदणीच.

रानवारा: आगाऊ नोंदणी कसं वाटतं?

प्राजक्त: आगाऊ? अजिबात नको, शास्त्रज्ञ आगाऊ आहेत असं वाचतील लोक.