निवडी एकमेकींशी जुळत नाहीत, मग खरी आवड कशी काढायची?

मोजपट्टी: एकाच व्यक्तीला तीन पर्याय जोडीजोडीने दाखवले, प्रत्येक जोडी १० वेळा. अ-ब मध्ये अ ७ वेळा निवडला, ब-क मध्ये ब ८ वेळा. म्हणजे अ वर, मग ब, मग क. पण अ-क मध्ये क ६ वेळा! ही नुसती चलबिचल समजून ब्रॅडली-टेरी (प्रत्येक पर्यायाला एक गुण देऊन, गुणांच्या फरकावरून कोण किती वेळा जिंकेल ते सांगणारं मॉडेल) लावू, की अ-ब-क-अ असं चक्र खरंच आहे?

लॉगवाला: लावून बघा. सगळ्या जोड्या सारख्याच वेळा दाखवल्यात, त्यामुळे क्रम एकूण विजयांवरच ठरतो: अ ११, ब ११, क ८. अ आणि ब बरोबरीत, क ०.४१ ने खाली (१.५ चा नैसर्गिक लॉग). या हिशेबाने अ-ब ५-५ सुटायला हवं आणि क ला दोन्हीकडे १० पैकी ४. प्रत्यक्ष आकड्यांशी ताडलं तर डेव्हिअन्स (मॉडेल आणि आकड्यांतल्या तफावतीचं माप) ५.१ येतो. तीन जोड्या, दोन पॅरामीटर (आकड्यांवरून काढलेले गुणांतले फरक), म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे तपासायला मोकळे उरलेले आकडे, १. नुसत्या योगायोगाने ज्याच्या वर जायची शक्यता ५ टक्केच, ती मर्यादा ३.८४; ५.१ तिच्या वर. मॉडेल बसत नाही. अ-ब मधला ७-३ चा कल तर त्याने गिळूनच टाकला.

मात्र दहाही उत्तरं स्वतंत्र धरली आहेत. मागचं उत्तर आठवून तेच पुन्हा दिलं असेल, तर ५.१ फुगलेला आहे.

कानामात्रा: आधी नोंदी फोडा. अ-क मध्ये क बहुतेक वेळा डावीकडे होता का? तसं असेल तर डाव्या जागेसाठी एक स्थिरांक घाला. दहाही वेळा डावीकडेच असेल तर जागा आणि आवड वेगळी काढणं अवघड; ५-५ अदलाबदल करून पुन्हा घ्या.

तेही नसेल तर गुणधर्म बघा. मानसशास्त्रज्ञ टवर्स्कीने १९६९ मध्ये जुगाराच्या पर्यायांवर नेमकं असं चक्र दाखवलं. शेजारच्या जोडीत जिंकण्याच्या शक्यतेतला फरक इतका बारीक, की लोक बक्षिसाची रक्कम बघून निवडतात. दोन टोकं समोर आली की शक्यतेतला फरक डोळ्यात भरतो आणि निवड उलटते. अशा वेळी प्रत्येक पर्यायाला एकच गुण देणारं मॉडेल उपयोगाचं नाही. ‘एवढ्याखालचा फरक दिसतच नाही’ असा उंबरठा घालावा लागतो.

तिरपागडा: ‘खरी आवड’ म्हणताय, तर चूक कशाला म्हणायचं ते आकडे बघण्याआधी ठरवा. आर्मस्ट्राँग आणि माइंडरमन या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलंय: तेच वागणं ‘ही आवड, पण निवडताना गफलत’ असंही समजावता येतं आणि ‘आवडच तशी, गफलत नाही’ असंही. सोपं स्पष्टीकरण घ्या म्हटल्यानेही हा गुंता सुटत नाही. त्या व्यक्तीला तिच्याच तीन निवडी एकत्र दाखवा आणि कोणती बदलणार ते विचारा. तो वेगळ्या जातीचा पुरावा आहे.

मोजपट्टी: अ-क मध्ये क १० पैकी ८ वेळा डावीकडे होता. बाकी जोड्यांत डावी-उजवी जागा ५-५. अ-क पुन्हा घेतो.