मुलाला राजेशाही नाव ठेवलंय का? नंतर कसं चाललंय तेही सांगा

बारसं तोंडावर आलंय, सासरे म्हणतायत नाव राजघराण्यातलंच हवं आणि नवरा म्हणतो युवराज, राजवीर सोडून काहीही चालेल. ज्यांनी ठेवलंय त्यांनी खरं खरं लिहा.

*

आमचा शंभू, दाखल्यावर संभाजी. आजीची एकच अट होती, पूर्ण नाव घेऊन पोराला ओरडायचं नाही. त्यामुळे दूध सांडलं की "शंभ्या!" आणि लाड असले की "संभाजीराजे", त्याला हाकेवरूनच कळतं आज काय होणारे.

*

मला शिवाजीच ठेवायचं होतं. घरात सगळे गप्प, एवढं मोठं नाव पेलणार कसं म्हणे. अहो पणजोबांच्या पिढीत घरोघरी शिवाजी, तानाजी असायचे की, हाका पण बिनधास्त मारायचे, आता नाव देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं झालंय. शेवटी शहाजी ठेवलं.

*

मराठेशाहीच्या मागे पण जा ना. आम्ही सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव सगळे उपसले. मला दुसरा पुलकेशी जाम आवडायचा, हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा, पण थोरलीने नाव म्हणून बघितलं आणि त्याचं "पुलावकेशी" झालं, विषय संपला. भिल्लम, सिंघण सासूबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. अमोघवर्षावरून अमोघ मात्र सगळ्यांना पटलं. वर्गात अजून एक अमोघ निघाला, त्याच्या आईबाबांना राष्ट्रकूट कोण ते माहीतही नव्हतं, असो.

*

घाई करू नका हो. सयाजीराव गायकवाड मूळचे गोपाळ, १८७५ ला दत्तक गेले तेव्हा सयाजीराव झाले. कोल्हापूरचे शाहू महाराज पण १८८४ ला दत्तक जाईपर्यंत कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. आपल्याला तर जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत दाखल्यात बिनफीचं नाव टाकता येतं, पुढे लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. आमचं अजून सयाजी की यशवंत चालूच आहे, तोवर बाळ "बाब्या".

*

फक्त ते "राजे" दाखल्यात जोडू नका. आमच्या मल्हारराजेचं आधारवर "मल्हार राजे" असं तुटून आलं, मग शाळेने राजे हेच आडनाव धरलं, दुरुस्तीसाठी नवऱ्याचे हेलपाटे अजून चालू आहेत. घरात महाराज म्हणा नाहीतर सरकार, कागदावर नुसतं मल्हार बास.