लिनक्सवर मल्टिमीडिया कीबोर्ड: दोष नेमका कोणाचा?

नौपाडेकर:
‘लिनक्स घेतले की कीबोर्डाच्या जादा कळांवर पाणी सोडावे’ असे काल येथे एकाने ठामपणे लिहिले, म्हणून हा खुलासा. आवाजाच्या आणि गाणे थांबवण्याच्या कळा बहुतेक यूएसबी कीबोर्ड एचआयडी या कीबोर्ड-माऊससाठी ठरलेल्या मानकानुसारच पाठवतात, आणि त्या काहीही न करता चालतात. अडतात त्या कंपनीने आपल्या मर्जीने जोडलेल्या कळा. अशा वेळी इव्हटेस्ट, म्हणजे दाबलेली कळ संगणकापर्यंत पोहोचते का ते दाखवणारे साधन, चालवावे. मात्र एकच कीबोर्ड त्यातल्या उपकरणांच्या यादीत अनेकदा दोन ठिकाणी दिसतो, लोक पहिल्यावर नजर लावून बसतात आणि कळ दुसऱ्यावर उमटत असते. स्कॅनकोड, म्हणजे कीबोर्डाने त्या कळीसाठी पाठवलेला क्रमांक, मिळाला, की एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे लिनक्सच्या उपकरणांच्या नोंदवहीत, एक ओळ घालून कळीला नाव देता येते. एवढेही न करता लिनक्सच्या नावाने खडे फोडणे योग्य नाही.

वाशीकर:
तो ‘एक’ मीच. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत, घरूनच शिकवण्या घेतात आणि त्यांना मायक्रोफोन बंद करणारी कळ हवी आहे. इव्हटेस्टमध्ये ती व्यवस्थित उमटते, डेस्कटॉप मात्र ढिम्म! कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्या कळीचा क्रमांक २४८, पडद्यावरच्या खिडक्या आणि कळा सांभाळणारी एक्स११ ही जुनी प्रणाली त्यात ८ मिळवते, आणि तिची मजल २५५ पर्यंतच. आता आपली ती ‘एक ओळ’ काय दिवे लावणार?

कळवेकर:
आपण दोघेही भलत्याच कळांवर भांडत आहात. ठाणे स्थानकाबाहेर मेलची आणि कॅल्क्युलेटरची कळ असलेले कीबोर्ड हवे तेवढे मिळतात, पण देवनागरी अक्षरे छापलेला मागितला की दुकानदार तोंडाकडे पाहत राहतो. मी तर मेलची कळ मराठी-इंग्रजी अदलाबदलीलाच लावून टाकली आहे.

कोपरखैरणेकर:
छापून कोणाचे भले होणार? रोमन अक्षरांत लिहिले की मराठी आपोआप उमटते.

कळवेकर:
उमटते, आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो! इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळमांडणीत शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो; ही मांडणी भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकातही दिलेली आहे. आळसाला सोय म्हणू नये.

कोपरखैरणेकर:
व्यक्तिगत शेरे आवरावेत. माझी मुलगी रोमनमधूनच लिहिते आणि तिच्या दऱ्या समुद्राला मिळालेल्या नाहीत.

नौपाडेकर:
वाशीकर, मर्यादा आहे हे मान्य, पण ती एक्स११ ची. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ती नाही. एचडब्ल्यूडीबीच्या त्याच ओळीत कळीला एफ२० हे नाव द्या, कारण एक्स११ च्या नेहमीच्या मांडणीत एफ२० म्हणजेच मायक्रोफोन बंद.

वाशीकर:
चालली. कळीने खोटे नाव धारण केल्याशिवाय तिला दाद मिळत नाही, ही व्यवस्था उत्तम आहे असे आपले म्हणणे असेल, तर माझी हरकत नाही. कळवेकरांनी मात्र आपल्या दऱ्याखोऱ्यांसाठी वेगळा धागा काढावा.