सर्दीवर काढ्याने खरंच फरक पडतो का?

राजवाडा_सून: थंडी लागली की सासूबाईंचा काढा सुरू, तुळस, आलं, मिरी, ज्येष्ठमध, पाणी अर्धं होईपर्यंत उकळायचं. मुलाला ४ दिवस दिला, सातव्या दिवशी नाक मोकळं झालं, आता घरात सगळे म्हणतात काढ्यानेच बरा झाला. खरंच का?

पलासिया_४१: ताई, सर्दी करणारे व्हायरस २०० च्या वर आहेत, मुख्य ऱ्हायनोव्हायरस, आणि ती ७ ते १० दिवसांत आपली आपण जाते. आपण काढा देतो कधी, तर नाक सगळ्यात जास्त वाहत असतं तेव्हा, म्हणजे त्यानंतर उतार पडणारच ना. काढा न घेणारे लोक शेजारी ठेवून मोजल्याशिवाय कळत नाही. इकिनेशिया या सर्दीवर घेतल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतीचं तसं मोजलंय, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये २४ चाचण्या तपासल्या, सर्दी बरी करण्यात ठोस फायदा दिसला नाही.

सराफ्याजवळची: गरम पिऊन घशाला बरं वाटतं हे मात्र खरं, ते नाकारू नका. पण ज्येष्ठमध जपून, माझ्या बाबांना बीपी आहे, महिनाभर रोज काढा घेत होते आणि बीपी वाढलं, गोळी तीच, डॉक्टरांनी आधी ज्येष्ठमध बंद करायला लावला. ज्येष्ठमधाने रक्तातलं पोटॅशियमही उतरतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोट्युलिझमची, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराची भीती असते.

राजवाडा_सून: सासूबाईंनाही बीपी आहे! आजच सांगते.