हीटर गार वारा मारतो तेव्हा: ट्रकवाल्यांनो, अनुभव सांगा

२०२५ मध्ये नव्या जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हापासून ढाब्यावर जो तो थंडाव्याचंच बोलतो. डिसेंबरात काश्मीरच्या वाटेवरचं बनिहाल ओलांडून आलेला माणूस मात्र हीटरचं विचारतो. तुमचा हीटर कुठं रुसला आणि शेवटी दोष कशात निघाला, लिहा. सुरुवात मीच करतो.

नाशिकचा कांदा घेऊन श्रीनगरला निघालो होतो. गाडी सेकंडहँड, माझ्याकडचा तिचा पहिलाच हिवाळा. उधमपूर सोडल्यापासून ब्लोअर फुल, हवा मात्र गारढोण. क्लीनर दोन गोधड्या घेऊन बसलेला. मी आधी ब्लोअरला शिव्या घातल्या, मग नळ्यांना. बनिहालच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी आत बघितलं ते थेट तापमानाच्या काट्याकडे. तो तळाला चिकटलेला! थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणाऱ्या झडपेचं, झाकण खोललं तर आत थर्मोस्टॅटच नाही. आधीच्या मालकानं उन्हाळ्यात कसारा घाटात गाडी तापते म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडे हा सर्रास इलाज आहे. तो नसला की कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं पाणी) सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिनच नीट तापत नाही, मग हीटरला ऊब कुठून मिळणार? रेडिएटरपुढं अर्ध्यात पुठ्ठा बांधला आणि काट्यावर नजर ठेवत श्रीनगर गाठलं. परतताना जम्मूला नवा थर्मोस्टॅट बसवला. डिझेलही कमी लागायला लागलं, ते वेगळंच.

सोलापूर, स्वतःची गाडी
दादा, काटा बरोबर असेल तर हीटरच्या दोन्ही होज पाइपांना हात लावून बघा, जपून. एक गरम, एक गार म्हणजे वॉल्व्ह बंद किंवा हीटरची आतली जाळी (गरम कूलंट फिरतं तो छोटा रेडिएटर) तुंबलेली. दोन्ही गरम असून हवा गार, तर गरम-गार हवा वळवणारा फ्लॅप अडकलाय. माझी जाळी तुंबली होती. वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी ओतलेलं! उलट्या बाजूनं हलक्या दाबाचं पाणी सोडलं तेव्हा चहाच्या रंगाचा गाळ निघाला.

कळंबोली, गॅरेज
कूलंट बदलल्यावर हीटर बंद पडला तर नव्वद टक्के कूलंटच्या नळ्यांत हवा धरलेली असते. इंजिन थंड असताना टोपण काढा, गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर फुल गरमवर टाका, इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. आणि कृपा करून निव्वळ कूलंट ओतू नका. 'जास्त घट्ट तेवढं चांगलं' म्हणणारे भेटतात. निव्वळ ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव, उणे १३ च्या आसपास गोठतं, निम्मं पाणी घातलं तर उणे ३७ पर्यंत तग धरतं.

विनिपेग, कॅनडा
इकडची तऱ्हा वेगळी. रात्री इंजिन बंद करून डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर लावतो. बाहेर उणे ३४ असताना माझा दोन मिनिटं पेटायचा नि विझायचा. आधी बॅटरी तपासली, कारण व्होल्टेज पडलं की हे हीटर स्वतःच बंद होतात. बॅटरी ठणठणीत होती. खाली वाकून बघतो तर हवा ओढणाऱ्या नळीत बर्फ ठासून भरलेला. नखांनी उकरून काढला, बोटं तासभर बधिर. आता उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं चालवतो, म्हणजे आत काजळी धरत नाही. बायको म्हणते, जुलैत हीटर लावणारा हा एकटाच.

कोल्हापूर
ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालत होता. ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला. संपलं.

पुणे, क्लीनरपासून ड्रायव्हर
काच आतून चिकट धुकटते आणि गोडसर वास येतो, तर हीटरची जाळी गळतेय. मी महिनाभर काच पुसत बसलो होतो. कूलंट रोज थोडं का कमी होतं, तेव्हा कळलं.

धुळे
माझ्याकडून झालेला मूर्खपणा लिहितो. काश्मिरात सोनमर्गजवळ गाड्या रोखलेल्या, पुढचा झोजिला घाट बंद. हीटर चालेना म्हणून काचा लावून केबिनमध्ये स्टोव्ह पेटवला आणि झोपलो. पहाटे स्टोव्हच्या विषारी वायूनं डोकं फुटायला आलेलं, पायांत जीव नाही. शेजारच्या गाडीचा सरदारजी चहाला हाक मारायला आला, त्यानं दार उघडून बाहेर ओढलं. दोन दिवसांनी हीटर तपासला. दहा रुपयांचा फ्यूज गेला होता.