लहान मुलं आणि दुचाकी: पुढे, मागे की मध्ये? तुमचे अनुभव सांगा

वारजेकरीण

जूनपासून लेक प्लेग्रुपला जाणार. पुण्यात घर वारज्यात, शाळा कर्वेनगरला, नवरा हिंजवडीत. म्हणजे सोडणं-आणणं माझ्याकडे, आणि माझ्याकडे म्हणजे अ‍ॅक्टिव्हाकडे. लेकीला नुकतंच तिसरं लागलंय. सोसायटीत विचारलं तर प्रत्येकीचं वेगळंच. कुणी पुढे उभं करतं, कुणी मागे बसवून ओढणीनं बांधतं. सासूबाई म्हणतात, "आमची पोरं लूनावर वाढली, काही झालं नाही."

नियम शोधला तो असा. केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, ती 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याच्या अंगाशी जोडणारा सेफ्टी हार्नेस, त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट (सायकलचं चालतं) आणि ताशी 40 किलोमीटरच्या आत वेग. चार वर्षांच्या पुढे मोठ्यांसारखंच आयएसआय मार्कचं हेल्मेट.

कागदावर सगळं छान आहे. मला रोजचं सांगा. हार्नेस खरंच कुणी वापरतं का? वाटेत झोप लागली तर काय करता? पावसात? उपदेश नको, त्यासाठी घरात माणसं आहेत.

धायरी फाटा

पुढे उभं करू नका. का ते सांगतो.

सिंहगड रोडला सिग्नलवर माझ्या शेजारी एक स्कूटर होती. पुढे साधारण चार वर्षांचा मुलगा उभा, बाबा एका हाताने खिशात मोबाईल ठेवत होते. इंजिन चालू. पोरानं सहज उजवी मूठ पिळली. गाडी झेब्रावरून सरळ समोरच्या रिक्षाच्या मागच्या बंपरवर. पोराची हनुवटी मीटरवर आपटली, पुढचे दोन दुधाचे दात ओठात रुतले. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. वेग किती असेल? माणूस चालतो तेवढा.

अ‍ॅक्सिलरेटर बरोबर मुलाच्या छातीच्या उंचीला येतो आणि उभं राहायचं तर त्याला धरायला दुसरं काही नसतं. शिवाय जोरात ब्रेक मारला की आपलं सगळं वजन त्याच्या पाठीवर आणि हँडल त्याच्या तोंडात. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम एकच: मूल चढताना आणि उतरताना किल्ली बंद. नुसता ब्रेक दाबून ठेवलाय हे चालत नाही.

जुना चेतकवाला

वरच्या प्रतिसादात मोलाची गोष्ट आहे, तिला पुरवणी जोडतो. माझी दोन्ही मुलं चेतकवर पुढे उभी राहून मोठी झाली. आकुर्डीला बनायची ती गाडी, पुण्यात घरटी एक. आम्हालाही वाटतं की तेव्हा काही झालं नाही, मग आताच काय झालं?

झालं असं की गाडी बदलली. चेतकला डाव्या मुठीत क्लच आणि गिअर. सिग्नलला आपण न्यूट्रलला आणायचो, पोरानं मूठ पिळली तर नुसता आवाज व्हायचा. आताच्या बिनगिअरच्या गाडीला न्यूट्रल असा प्रकारच नाही. इंजिन चालू आहे म्हणजे गाडी निघायला तयार आहे. हा फरक आमच्या पिढीच्या डोक्यात शिरत नाही, कारण उभं राहायची जागा तशीच दिसते. आणि टिळक रोडला तेव्हा दुपारी चिटपाखरू नसायचं, हेही खरं. नातवाला मी पुढे घेत नाही. मुलगा घेतो, त्यावरून आमचं वाजतं.

सहकारनगर

हार्नेस आम्ही वापरला, मुलगा साडेचार वर्षांचा होईपर्यंत. तपशिलात लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाना पेठेत विचारलं तर एका दुकानदारानं शाळेच्या दप्तराचा पट्टा दाखवला. शेवटी ऑनलाइन घेतला. मुलाच्या अंगात जाकिटासारखा भाग, कमी-जास्त करता येणारा, आणि त्यालाच जोडलेले दोन पट्टे, जे आपण सॅकसारखे खांद्यात घालायचे. नियमात तो हलका, पाणी न लागणारा, आतून फोमचा आणि 30 किलो वजन पेलणारा हवा असं लिहिलंय. घेताना बक्कल बघा. बोटानं सहज उघडणारं नको आणि दोन्ही हात लागतील इतकं घट्टही नको.

खरी कसरत चढण्याउतरण्याची. आमची पद्धत अशी: गाडी डबल स्टँडवर. साइड स्टँडवर नाही, कलते. मूल आधी सीटवर, मग मी पुढे बसायचं, पट्टे खांद्यात, बक्कल लावायचं, ओढून बघायचं, मग स्टँडवरून गाडी काढायची. उतरताना उलटं, आणि सगळ्यात आधी बक्कल. घाईत मी तशीच उठले तर पोरगं मागे लटकणार, म्हणून नवऱ्यानं मीटरवर चिकटपट्टी लावून त्यावर 'आधी बक्कल' लिहिलं. शेजारची एक जण विचारायची, हे बक्कल कोण?

पहिले काही दिवस पोरानं थयथयाट केला. मग त्याला 'पॅराशूट' म्हणायला लागलो तर स्वतःच घेऊन दारात उभा राहायला लागला.

झोपेचं: पट्ट्यामुळे मूल घसरत नाही, पण मान पडते आणि हेल्मेटच्या वजनानं एका बाजूला लोंबते. हार्नेस मानेला धरत नाही. पाठीवर डोकं टेकल्याचं जाणवलं की मी थांबायची. पाणी पाजायचं, तोंडावरून ओला हात फिरवायचा. तरीही पेंगत असेल तर नवऱ्याला फोन, नाहीतर रिक्षा. दुपारी शाळा सुटते तीच वेळ झोपेची असते, त्यामुळे हे तुम्हाला रोज लागणार. येतानाच्या रिक्षाचे पैसे आधीच धरून ठेवा.

सडेतोड सदाशिव

बांधून न्यायचं म्हणजे गाडी पडली की पोरगं तुमच्याबरोबर फरपटणार. मोकळं असेल तर निदान बाजूला पडेल. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांना पुण्यातले खड्डे माहीत नाहीत.

फळा-खडू

@सडेतोड सदाशिव, मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. ताशी 40 म्हणजे सेकंदाला साधारण 11 मीटर. त्या वेगानं एखाद्या पक्क्या गोष्टीवर आदळणं म्हणजे सहा मीटरवरून खाली पडणं. दुसऱ्या मजल्याची गॅलरी. मोकळं पोर 'बाजूला' कुठे पडेल? मागून येणाऱ्या पीएमटीपुढे.

दुसरं असं की गाडी पडते तेव्हाच मूल पडतं हे गृहीतच चुकीचं. गाडी सरळ चालू राहते आणि मूल मागच्या मागे उडतं किंवा डुलकी लागून घसरतं. न दिसलेला स्पीडब्रेकर पुरतो. चालवणाऱ्याला कधीकधी कळतही नाही. हार्नेस मुख्यतः त्यासाठी आहे. ट्रकची धडक बसली तर तो वाचवेल असा दावा कुणी करत नाहीये. खड्ड्यांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

सडेतोड सदाशिव

गॅलरीचं पटलं. बाकी मत कायम.

बालवॉर्ड

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. थोडं हेल्मेटबद्दल.

अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की मोटरसायकलवाल्यांमध्ये हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्के कमी होतो आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्के. पण ते डोक्यावर टिकलं तर. मी बघते ती मुलं बाबांचं जुनं हेल्मेट घालून येतात. आत दोन मुठी मावतील एवढी जागा, पट्टा मोकळा. पडताना पहिलं ते उडतं.

टेलरची टेप घ्या, भुवयांच्या वर एक बोट सोडून डोक्याभोवती फिरवा. तीन वर्षांच्या मुलाचं माप 49-50 सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तो आकडा घेऊन दुकानात जा, वय सांगून मागू नका. घालून पट्टा लावा आणि हेल्मेट हातानं डावी-उजवीकडे फिरवा: कपाळाची कातडी बरोबर हलली तर माप बरोबर, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. या वयात अंगाच्या मानानं डोकं मोठं आणि मान लेची असते, म्हणून जड फुलफेस नको. सायकलचं हलकं चालतं ते त्यासाठीच. मुली असतील तर उंच पोनी नको, मानेपाशी खाली वेणी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते टाकून द्या. भावंडाला देऊ नका.

आणि नऊ महिन्यांच्या आतलं बाळ दुचाकीवर नकोच. कांगारू बॅगेत छातीशी बांधूनही नको. लसीकरणाला तसेच येतात लोक. गेटवर कितीदा सांगायचं?

कात्रजचा घाट

वेगाचं एक सांगतो. आंबेगावहून वारज्याला बायपासने जायला सोपं, पण नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा. नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकनं तिथे एकापाठोपाठ कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. मुलाला घेऊन 40 च्या वर जायचं नाही म्हटल्यावर हायवेला मागच्याचा हॉर्न डोक्यात जातो आणि आपण नकळत पिळतो. म्हणून मूल मागे असेल तर आतल्या रस्त्याने. पंधरा मिनिटं जास्त लागतात. तुम्हाला वारजे ते कर्वेनगर आतून जाता येतं, पुलावर चढूच नका.

पल्सरची बायको

मोटरसायकलवाल्यांसाठी. मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, ते लोंबत राहतात. डाव्या बाजूला साडीगार्ड असतं, पण कित्येक पोरं 'लुक'साठी ते काढून टाकतात. आमच्या भाच्याची टाच अशीच स्पोकमध्ये गेली. हाड वाचलं, पण मागची कातडी सोलून निघाली आणि महिनोन्‌महिने ड्रेसिंग चाललं. उजव्या बाजूला सायलेन्सर, तिथे पोटरी भाजते. हाफ पँटवर नेऊ नका, चपलेवर तर नाहीच. बूट घालून न्या आणि लेस आत खोचा.

आणि साडीत एका अंगाला बसून मांडीवर मूल घेणं! लक्ष्मी रोडला दर दुसऱ्या गाडीवर दिसतं. त्या बाईला स्वतःला धरायला एक हात, मुलाला धरायला एक हात, पिशवी कशानं धरते देव जाणे.

वारजेकरीण

सगळे किती छान लिहिताय! रविवारी आम्ही तिघं जातो तेव्हा ती आमच्या दोघांच्या मध्ये असते. ते तरी ठीक ना?

काळा कोट

ठीक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस, तोही मागच्या सीटवर. त्यात वयाची सूट लिहिलेली नाही, म्हणून दोघं आणि मूल म्हणजे कायद्याने ट्रिपलसीटच. कलम 194 सी: हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. ट्रॅफिकवाले मामा मूल बघून सोडतात हा त्यांचा चांगुलपणा. पुढे उभं करणंही त्याच कलमात अडकतं, कारण ती सीट नाही.

एरंडवणे

मध्ये बसवण्यात अजून एक: उन्हाळ्यात मूल अक्षरशः गुदमरतं, त्याला पुढचंही दिसत नाही आणि मागचंही. आमची रविवारची सारसबाग आता मेट्रोने. वनाजला बसायचं, डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलायची, स्वारगेटला उतरून पुढे चालत. लेकीला बागेपेक्षा मेट्रोच आवडते.

ओला रुमाल

पावसाचं कुणी बोललं नाही. हार्नेसच्या वरून रेनकोट घालू नका, बक्कल सापडत नाही. मुलाला आधी रेनकोट, त्यावर हार्नेस. पोंचो तर अजिबात नको. मागे उडतो आणि चाकात जातो, ओढणीसारखाच. तुमची ओढणीही कमरेला गाठ मारून. भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आमच्याकडे शाळेला सुट्टी, शाळेनं दिली नाही तरी.

वारजेकरीण

ठरलं ते असं: पुढे बंद, मध्ये बंद. सकाळी हार्नेस लावून आतल्या रस्त्याने, दुपारी रिक्षा. हेल्मेटसाठी काल टेप लावली, 49 भरलं. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण टेप त्यांनीच धरली होती. @सहकारनगर, तुमचा हार्नेस अजून आहे का? विकत घेईन.

सहकारनगर

आहे, पैसे नकोत. डावा पट्टा जिथे जाकिटाला शिवलाय तिथली शिवण ओढून बघा, तिथे सगळ्यात जास्त ताण येतो. उसवल्यासारखी वाटली तर वापरू नका, नवीनच घ्या. शनिवारी सकाळी कर्वे पुतळ्यापाशी येता का? लेकीलाही आणा, अंगात घालून बघू. आणि गाडी डबल स्टँडवर लावायचा सराव करून या.