बर्फाविना तीन दिवस

दात्याचं यकृत बर्फात ठेवून साधारण १२ तासांच्या आत बसवावं लागतं, हे नेहमीच्या पद्धतीपुरतं बरोबरच आहे. पण स्वित्झर्लंडमधल्या झुरिचचं उदाहरण बघायलाच हवं. मे २०२१मध्ये तिथल्या सर्जन क्लाव्हियँ यांच्या चमूने एक यकृत चक्क तीन दिवस मशीनमध्ये ठेवून मग बसवलं. बर्फ नाही, शरीराइतकीच ऊब. हृदयाच्या जागी पंप, फुप्फुसाऐवजी ऑक्सिजन मिसळणारं यंत्र, मूत्रपिंडाचं काम डायलिसिसकडे. आणि श्वासागणिक यकृत पोटात जसं हलतं, तसं ते मशीनमध्येही हलवत होते! (हे वाचून मी थक्कच झालो.)

मुळात ते यकृत गाठीमुळे इतर रुग्णालयांनी नाकारलेलं. वेळ हाताशी होता म्हणून गाठ तपासता आली, अँटिबायोटिक्स देता आली. रुग्ण १२ दिवसांत घरी, वर्षानंतरही ठणठणीत.

अर्थात रुग्ण एकच, त्यामुळे फार हुरळून जाऊ नये. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेल्या, यकृत असंच उबदार ठेवणाऱ्या मशीनची २०१८मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मात्र २२० प्रत्यारोपणांची होती. त्यात बर्फाच्या तुलनेत यकृताला झालेली इजा निम्मी, आणि टाकून द्यावी लागलेली यकृतंही निम्मीच.